चाडं रिकामं ठेवण्याबाबत

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा की तुम्ही खटाव तालुक्याच्या पूर्वेला, बोरकुंडवाडीच्या शिवारात उभे आहात. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. पाऊस पडून तीन दिवस झालेत. आता वाकून मूठभर माती उचला. दाबली की तिचा लाडू होतो, बोट लावलं की लाडू फुटतो. चिखल नाही आणि धूळही नाही. याला वाफसा म्हणतात. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा तो याच ओलीत. तिथल्या उथळ रानात वाफसा चार-पाच दिवस टिकतो, आणि अर्ज देऊनही त्याची मुदत वाढवून मिळत नाही. एवढं ध्यानात ठेवा आणि डोळे उघडा.

या वाडीला एक जुनी खोड होती. कुणाच्या रानात काम अडलं की त्या घरचं माणूस आदल्या संध्याकाळी दारोदार सांगून यायचं, आणि सकाळी सारी वाडी आपापली बैलं घेऊन त्याच्या रानात हजर व्हायची. दिवसभर काम, मग त्या घरी जेवण, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं रान. याला इर्जिक म्हणत. त्यातही ज्या घरचा गडी फौजेत, त्या घराची पेरणी पहिली. हे कुणी ठरवलं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून कुणी मोडतही नव्हतं.

चौथीत शिकणाऱ्या मनूचं घर या पहिल्या नंबराचं. तिचा बाप कृष्णात फौजेत नायक होता आणि दूर सरहद्दीवर होता. बैलजोडी बहात्तरच्या दुष्काळात विकलेली. घरात मनू, तिची आई चंद्राबाई आणि चार एकर रान. वर्षाचं खाणं त्या रानातल्या एका शाळूवर.

श्रावणात एकदा चंद्राबाईच्या रानात नांगरटीची इर्जिक चालू असताना सहकार खात्याचे विस्तार अधिकारी जीपमधून उतरले. नऊ नांगर एका ओळीत चाललेले बघून त्यांना गहिवरून आलं. माणूस सज्जन होता, हे आधीच सांगून ठेवतो.

"हा तर शुद्ध सहकार," ते म्हणाले. "याची नोंद कुठं आहे?"

"नोंद कशाची, सायेब? काम तर झालं," वाडीतला सगळ्यात म्हातारा नांगऱ्या हरिबा म्हणाला.

"झालं हे कशावरून?"

हरिबानं नांगरलेल्या रानाकडं बोट केलं.

"ते शेत झालं. मी कागदाचं विचारतोय."

कागद नव्हता. साहेबांना मनापासून वाईट वाटलं. इतकी वर्षं ही माणसं कुणाच्याही पाठबळाशिवाय एकमेकांना मदत करत होती. शासन आता असं होऊ देणार नव्हतं. त्यांनी तिथंच सांगून टाकलं की वाडीनं रीतसर संस्था काढावी आणि वर्षभर नियमानं चालवावी, शासन तिला एक मळणीयंत्र देईल.

मळणीयंत्र म्हटल्यावर वाडीला रात्रभर झोप आली नाही.

भादव्यात 'बोरकुंडवाडी सामुदायिक परस्पर-श्रम इर्जिक सहकारी संस्था मर्यादित' नोंदली गेली. वडूजच्या रंगाऱ्याकडून फलक रंगवून आणला. सरकारकडून एक लोखंडी कपाट, एक रबरी शिक्का आणि चौदा नोंदवह्या आल्या. कपाट मारुतीच्या देवळात जाईना, म्हणून देवळाची चौकट काढली. फौजेतून पेन्शनीत आलेले हंबीरराव अध्यक्ष झाले. तात्याबा रुसून बसले, म्हणून त्यांच्यासाठी उपाध्यक्षपद काढलं. नानासो सातवी पास, म्हणून सचिव. आजवर हंबीररावांचा डावा बैल आणि तात्याबांचा उजवा बैल एका जुवाखाली चालायचे. आता ते सत्ताधारी आणि विरोधक झाले, तेव्हा त्यांच्या जोड्या वेगळ्या लावाव्या लागल्या.

"आबा, मर्यादित म्हंजी काय वं?" मनूनं हरिबाला विचारलं.

"म्हंजी बग, आजपातुर कुणाच्याबी रानात जात हुतो. ते जरा हाताबाहीर गेलं हुतं."

चौदा वह्यांपैकी एक बैलांच्या हजेरीची होती. हजेरीपुढं सही हवी आणि बैलाला सही येत नाही, म्हणून खुराचा ठसा घ्यायचं ठरलं. नानासो शाईची गादी घेऊन वाडीतल्या धुळाच्या खोंडाच्या मागं बसले आणि खोंडानं त्यांना लाथ घातली. अपघातांच्या नोंदवहीत पहिली नोंद झाली. वह्यांचं काम सुरळीत सुरू झाल्याबद्दल साहेबांनी समाधान व्यक्त केलं.

मग जेवणाचा प्रश्न निघाला. काम करणाऱ्याला शेतमालकानं जेवू घालणं म्हणजे सभासदांना आमिष दाखवणं, असं नियमांवरून निघत होतं. जेवण द्यायचंच असेल, तर तीन दरपत्रकं मागवून सर्वांत कमी दराचं घ्यावं. सर्वांत कमी दर दगडाबाईचा निघाला. तिच्या भाकरीला वाडीत मान होता, पण जेवणासाठी नव्हे.

"माझ्या घरचं जेवान, आन सैपाक दगडाबाईचा?" चंद्राबाई म्हणाली.

"दर कमी हाय, वैनी," नानासो म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. चंद्राबाईच्या हातची हुलग्याची आमटी त्यांनाही आवडायची.

आणि मग पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी वाफसा आला. संध्याकाळी मनू नेहमीसारखी सांगायला निघाली आणि पहिल्याच दारात, हंबीररावांच्या ओसरीवर अडली.

"आबा, उद्या आमच्याकडं इर्जिक हाय. पाभर घेऊन या."

हंबीररावांनी पानाचा देठ खुडला. "मने, तुझा बा सभासद हाय का?"

"तो फौजेत हाय की."

"ते ठावं हाय गं. पर अर्जावर सही लागती. सात-बारा त्येच्या नावाचा."

"आई करंल की सही."

"आईच्या नावावर रान न्हाई."

"मग बाला पत्र धाडू?"

"धाड. जायला आठ दिस, यायला आठ दिस. मग सभा. सभेला सात दिसांची नोटीस." हंबीरराव बोटं मोजता मोजता थांबले. शेतकरी माणूस, बेरीज कुठं जाते ते त्यांना दिसलं होतं. "मी सोता आलो असतो, पोरी. पर अध्यक्षच नियम मोडाया लागला, तर यंत्र दुसऱ्या गावाला जाईल."

मनू बाकीच्या दारांतही गेली. सगळ्यांनी तिला प्रेमानं गूळ-शेंगा दिल्या आणि सगळ्यांनी हेच सांगितलं. हरिबा तेवढा म्हणाला, "मी येतो." पण हरिबाकडं आता एकच बैल होता, आणि तोही त्याच्याच वयाचा.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चंद्राबाईनं पदर सारखा करून सगळं सांगितलं. साहेब ऐकत असताना दोनदा हळहळले.

"ताई, तुमच्यावर अन्याय होऊ देणार नाही," ते म्हणाले. "योगायोगानं उद्याच वरिष्ठांना संस्थेच्या कामाचं छायाचित्र हवंय. जवानाच्या शेताइतकं योग्य शेत दुसरं कुठलं? सगळ्या पाभरी उद्या तुमच्याच रानात चालवू."

चंद्राबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं रात्री बियाणं निवडलं, पाखडलं. मनूनं खडे वेचले.

सकाळी नऊ पाभरी चंद्राबाईच्या रानात उभ्या होत्या आणि बांधावर संस्थेचा फलक रोवला होता. पाभर तुम्ही बघितली नसेल. बैलांच्या मागं लाकडी फण असतात, त्यांनी जमिनीत तास, म्हणजे चर, पडतात. फणांच्या वर लाकडी वाटी असते, ती म्हणजे चाडं. बाईमाणूस पाभरीमागून चालत चाड्यात मुठीनं बी सोडत राहतं, आणि ते नळ्यांतून ओलीत जाऊन पडतं. चंद्राबाई ओटीत शाळू घेऊन हंबीररावांच्या पाभरीमागं उभी राहिली. छायाचित्रकारानं काळं कापड डोक्यावर घेतलं.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून वाचला. "ताई, बी सोडू नका. सभासद नसलेल्याच्या शेतात संस्थेनं पेरणी केली, तर नियमभंग होईल. प्रात्यक्षिकाला मात्र हरकत नाही. चाडं रिकामं ठेवायचं. तुम्ही नुसती मूठ धरल्यासारखं करा."

हरिबा बांधावरून पुढं आला.

"सायेब," हरिबा म्हणाला, "रिकाम्या पाभरीनं तास पाडलं तर माती उघडी पडती. दुपारपातुर वल जाती उडून. पुना पेराया काय ऱ्हात न्हाई."

"पुन्हा पेरायचा ठराव आपण पुढच्याच सभेत घेऊ," साहेब म्हणाले. त्यांनी ते लिहूनही घेतलं.

पाभरी चालू झाल्या. नऊ जोड्या, अठरा बैल, प्रत्येकाच्या खुराला निळी शाई. फार देखणं दृश्य होतं. चंद्राबाई रिकामी मूठ चाड्यावर धरून हंबीररावांच्या मागून चालली. तिच्या ओटीत शाळू तसाच होता. मागं तासांची ओली काळी माती वर येत होती आणि बघता बघता भुरी पडत होती.

बांधावर बावीस सभासद उभे होते. प्रत्येकानं वाकून माती उचलली, दाबली, खाली टाकली. कुणालाच काही विचारायचं नव्हतं. जो तो शेजारच्याच्या तोंडाकडं बघत होता, आणि शेजारचा फलकाकडं.

"आबा," मनू हंबीररावांच्या बाजूनं पळत म्हणाली, "थांबवा की."

"थांबलो तर फोटू बिघडंल, पोरी," हंबीरराव पुढं बघत म्हणाले.

आता बाळांनो, खरं सांगा. तुम्ही काय केलं असतं? मी अनेक मुलांना हे विचारलंय. सगळी म्हणतात, आम्ही लगेच बी टाकलं असतं. मग हाच प्रश्न मी त्यांच्या आईवडिलांना विचारतो. ते आधी विचारतात की ते मळणीयंत्र शेवटी मिळालं का. तुम्हीही मोठे व्हाल तेव्हा हेच विचाराल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीसुद्धा ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा हेच विचारलं होतं.

मनूनं विचारलं नाही. तिनं आईच्या ओटीत हात घातला, मूठ भरली, हंबीररावांच्या चालत्या पाभरीला गाठलं आणि चाड्यात सोडली. नळ्यांतून दाणे खडखडत खाली गेले. छायाचित्रकारानं कापडातून डोकं बाहेर काढलं. साहेब म्हणाले, "अरे, कुणीतरी त्या मुलीला बाजूला घ्या," आणि बावीस सभासदांनी कुणीतरी पुढं होण्याची वाट बघितली.

तोवर तिनं दुसरी मूठ भरली होती.