अण्णांची साबणबंदी

तेलगावात बाजीरावअण्णांच्या घरी चहा हवा असेल तर आधी हात हुंगायला द्यावे लागत. साबणाचा वास आला की अण्णा कपबशी मागे ओढत. मी शेजारी, शाळेत मास्तर, पण मलाही सूट नव्हती.

"मास्तर, कातडीवर बारीक जीव राहत्यात. वस्ती हाय ती! अन् तुमी रोज सकाळी उठून तिच्यावर बुलडोझर फिरवता."

पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे हेच अण्णा वर्षापूर्वी नेमके उलटे होते. ऑईलचे हात कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत घासायचे. बायकोला, शांताकाकूंनाही म्हणायचे, "त्याच वडीनं आंगूळ कर, किडे मरत्यात."

मग काकूंना गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. दवाखान्यात मी सोबत होतो. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या दंडावर, पोटावर कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतला. कातडीवरच्या जंतूंचा आणि या आजाराचा काही संबंध असतो का, ते त्या शोधत होत्या. "अजून काहीच ठरलेलं नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं. दुसरा नमुना दोन महिन्यांनी घ्यायला घरी माणूस येणार होता. त्याआधी दोन दिवस साबण नको, एवढंच पथ्य.

अण्णांनी दोन दिवसांचे दोन महिने केले आणि बंदी सगळ्या गल्लीवर लादली. न्हाव्याशी भांडले. आमच्या न्हाणीतली वडी पळवली. मी हसायचो, पण खरं सांगतो, मला त्यांचा रागही यायचा.

काकू खंगत गेल्या. औषध लागू पडेना. घरी न्या, डॉक्टर म्हणाले. नमुन्याच्या आदल्या दिवशी काकूंनी मला हाक मारली.

"मास्तर, सांगा की यांना. माजाच वास मला सोसंना. एकदा साबणानं न्हाऊ घाला म्हणावं."

अण्णा उठले. दुकानात गेले आणि चंदनाची वडी घेऊन आले.

"अण्णा, उद्याचा नमुना?"

"माज्या वडीनं तिचा घात केला का, तेवढं मला कळाय पायजे हुतं, मास्तर. तिला त्याचं काय? तिला आंगूळ पायजे."

बाजेवर बसून त्यांनी काकूंचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट फेसानं धुतलं.

"लई घासू नका," काकू म्हणाल्या, "मी काय मोटार हाय का?"

अण्णा हसले. हसता हसता त्या ओल्या हातात तोंड लपवून मोठ्यानं रडायला लागले. शाळेला उशीर होतोय, असं म्हणून मी तिथून निघालो. त्या दिवशी रविवार होता.