कोरडवाहूचा खोडवा

जाहिरात कशी लिहावी हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! चार ओळींत मी पंचवीस माणसं, दोन ट्रॉल्या आणि सात कोंबड्या दारात आणून उभ्या केल्या. आहे कुणाची ताकद?

तर आमचा एक बँड आहे. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात. हसू नका! नाव 'कोरडवाहू'. मी कल्याण, गिटार वाजवतो आणि गातो. पार्थ ड्रम बडवतो, एरवी श्रीरामपुरात मोबाईलच्या दुकानात बसतो. मोनिका बेस वाजवते, एरवी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे ताल चुकला की आमच्याकडे नापास पोरांकडे बघावं तसं बघते. आम्ही रॉकच वाजवतो, पण जरा वाकड्या वाटेचा. त्याला अल्टरनेटिव्ह म्हणतात. आमच्या नानांच्या मते त्याला 'काम नसणं' म्हणतात.

नाना, म्हणजे माझे वडील कारभारी, बँडचं नाव ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. "पाटाचं पानी वावरात यावं म्हनून माझ्या बापानं हेलपाटं घालून चपला झिजवल्या. सातबाऱ्यावर बागायत लागली! आन ह्यो दिवटा गावभर कोरडवाहू लावत फिरतोय!"

गेल्या वर्षी आम्ही अल्बम काढला. तो मोबाईलवर एकूण एकतीस वेळा ऐकला गेला. त्यातल्या सतरा वेळा मीच ऐकला होता. पण मी खचणारा माणूस नाही! मोठे बँड काय करतात? अल्बमनंतर एक छोटा संच काढतात, त्याला ईपी म्हणतात. त्यात अल्बममधून वगळलेली, रेकॉर्डिंगमध्ये फसलेली गाणी आणि दुसऱ्यांची एकदोन गाणी आपल्या पद्धतीनं वाजवलेली. आमच्याकडे फसलेल्या गाण्यांना तोटा नव्हताच.

त्याला नाव मी शोधलं. खोडवा! ऊस तोडला की बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. लागण नको, बेणं नको, आहे त्यातूनच दुसरं पीक. फसलेल्या गाण्यांच्या संचाला याहून झकास नाव असेल तर मी गिटार विहिरीत टाकीन!

नाना म्हणाले, "टाकच."

कारण प्रश्न चाळीचा होता. कांद्याची चाळ थंडीत रिकामी असते, तिथं आम्ही सराव करतो, रेकॉर्डिंगही तिथंच. नानांना तिथं शेळ्या बांधायच्या होत्या. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी तुझं ते काय हाय ते ऐकायला पंचवीस माणसं आली, तर चाळ तुमची. एक जरी कमी आलं, तर सोमवारी तुमचे ढोल बाहेर आन शेळ्या आत. मोठी मानसं मोजीन. पोरंटोरं धरायची न्हाईत!"

बेलापुरात चाळ गेली की बँड संपला. पार्थच्या घरी ड्रमला बंदी, मोनिकाच्या घरमालकाला रक्तदाब. म्हणून मी जीव ओतून पोस्टर लिहिलं:

'कोरडवाहूचा खोडवा तयार! रविवारी दुपारी चारला. कारभारींची कांदा चाळ, बेलापूर. यायचं तर टोळीनं या! संपर्क: कल्याण.' खाली माझा नंबर.

मोनिका म्हणाली, "यात गाणं हा शब्द कुठाय?"

"तीच तर गंमत! उत्सुकता वाढते!"

"कुणाची?"

या प्रश्नाचं उत्तर शुक्रवारी सकाळी फोनवर आलं.

"राम राम! बिभीषण बोलतोय, तिसगावचा. पोस्टर आलंय मोबाईलवर. तुमचा खोडवा हाय म्हनं?"

तिसगाव! आमची कीर्ती पाथर्डी तालुक्यात पोचली होती. माझा आवाज आपोआप जड झाला. "हो, आमचाच."

"किती हाय?"

"पाच."

"बरा हाय की! समदा सोताचाच?"

"तीन स्वतःची. दोन दुसऱ्यांची, पण आम्ही आमच्या पद्धतीनं केलीत."

"मालकाला इचारलंय ना? मागून भानगड नको."

"नाव दिलं की झालं हो! सगळेच करतात."

"आसं आसं. आन कसाय माल? जळका तर न्हाई?"

आमच्या गिटारचा आवाज आम्ही मुद्दाम करपवलेला असतो. हा माणूस दर्दी निघाला! "थोडा जळकाच आहे. पण तेच तर खरं सौंदर्य."

"सौंदर्य म्हना, काय बी म्हना, आमच्या हाताला काम पायजे. रविवारी येतो. बारा कोयते हायेत."

आता मी ऊसपट्ट्यात जन्मलो. कोयता म्हणजे ऊसतोडीला येणारं नवराबायकोचं जोडपं, हे इथं दूधपित्या पोरालाही ठाऊक. पण माणूस स्वतःच्या पोस्टरच्या प्रेमात पडला की त्याला काही म्हणजे काही सुचत नाही. मला वाटलं, तिसगावचा बँड! आमचं नाव 'कोरडवाहू' असू शकतं, तर त्यांचं 'बारा कोयते' का नसावं? उलट मला हेवाच वाटला.

"या, या! आमच्यासोबत तुम्हीपण हात साफ करून घ्या," मी म्हणालो.

"त्याच्यासाठीच यायलोत," तो म्हणाला.

रविवारी चारला गावातलं कुणीही आलं नाही. नाना चाळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून, शेळ्यांची दावी मांडीवर घेऊन बसले होते. सव्वाचारला धुरळा उठला. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आत आला आणि त्यातून माणसं उतरायला लागली. बाया, बाप्ये, पोरं, गाठोडी, तवे, खुराड्यात सात कोंबड्या. आणि हातात खरोखरचे कोयते! म्हटलं, वा! नावाला जागणारी माणसं!

नाना बोटांवर मोजत होते. बारा जोड्या, चोवीस. आणि पुढं आलेला त्यांचा मुकादम बिभीषण, पंचवीस! नानांच्या मांडीवरची दावी घसरली. मी आयुष्यात त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला पाहिला नव्हता.

मी सगळ्यांना चाळीत बसवलं, दोन शब्द बोललो आणि स्पीकर सुरू केला. पहिलं गाणं वाजलं. पुढं बसलेली झुंबरबाई नावाची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मशीन बिघडलंय वाटतं पोराचं." दुसऱ्या गाण्याला दोन माणसं झोपली. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच बिभीषण उठला.

"मालक, पूजा झाली आसंल तर वावर दावा."

"कसलं वावर?"

"खोडव्याचं!"

"अहो, हाच की खोडवा!" मी स्पीकरकडे हात केला.

बिभीषणनं स्पीकरभोवती एक फेरी मारली, वाकून मागची वायर पाहिली. मग हळू आवाजात म्हणाला, "ह्याच्यात हाय? पाच?"

मग मात्र भडका उडाला! "आमच्या वाटचा ऊस यंत्रानं तोडला! आठ दिस टोळी राहुरीकडं बसून हाय! चुली इझवून, बिऱ्हाड ट्रॉलीत घालून आलो, आन ह्यो बाबा गानी ऐकवतोय!" बाप्ये उभे राहिले. कोयतेही उभे राहिले. पार्थ ड्रमच्या मागं गेला. मोनिका माझ्या मागं आली. माझ्या मागं जायला जागाच उरली नाही. खरं सांगतो, मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. माझ्या अतिशहाण्या चार ओळींपायी ही माणसं संसार उचलून आली होती.

या गडबडीत स्पीकर बंद करायचा राहून गेला आणि चौथं गाणं सुरू झालं. हे माझं विरहगीत. रेकॉर्डिंग ऐन रंगात असताना ते फसलं होतं, कारण कांदाचाळीला भिंती नसतात, पट्ट्या असतात. मी 'तू गेलीस' म्हणून सूर लावला आणि पट्ट्यांतून शेळीवर खेकसणाऱ्या आईचा आवाज आत घुसला:

"अगं ए भवाने, वाळवनात तोंड घालतीस व्हय! हो बाजूला! आन तुमी काय बघत बसलाय? हाकला की तिला! म्हनं बागायतदार!"

पार्थ तेव्हा वाजवत राहिला होता आणि आईचा शब्द न् शब्द ठेक्यावर बसला होता. प्रयोग म्हणून आम्ही तो तसाच ठेवलेला.

झुंबरबाई आधी हसली. मग सगळ्या बाया हसल्या. नाना सोडून सगळेच हसले.

"आरं, परत लाव ते!" झुंबरबाई ओरडली. "आमच्या म्हाताऱ्याला ऐकू दे!"

मी परत लावलं. पुन्हा लावलं. चौथ्या वेळी बारा बाया टाळ्यांवर आईसोबत म्हणत होत्या, "हाकला की तिला! म्हनं बागायतदार!" तेवढ्यात आई, चांगुणाबाई, हातात उलथनं घेऊन धावत आली. "कोन भांडतंय माझ्या आवाजात?"

तोवर नानांनी बिभीषणला खांद्याला धरून बांधावर नेलं होतं. आमचा स्वतःचा तीन एकर खोडवा तुरे येऊन उभा होता. मजूर नाहीत म्हणून कारखाना तोड देत नव्हता. नानांनी तिथूनच कारखान्याच्या गट ऑफिसला फोन लावला. "टोळी हाय म्हनता? मग उद्याची तारीख घ्या," असं उत्तर आलं. बिभीषण हसला. नाना तर मोठ्यानं हसले! आईनं पिठलं-भाकरीचा घाट घातला आणि ट्रॉल्यांतून चुली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी खोडव्याला कोयता लागला. संध्याकाळी नानांनी आम्हा तिघांना चाळीत बोलावलं.

"पंचवीस मोजली मी. शबुद म्हंजे शबुद. चाळ बँडची."

मी पाया पडायला वाकलो. एवढ्यात आई पदराला हात पुसत आली आणि मला ओलांडून मोनिकाशी बोलायला लागली.

"झुंबरबाई म्हनत्यात आजून दोन-चार गानी काढा. मी म्हनलं, काढू. उद्या दुपारी भांडी झाली की येते. आन ह्याला तेवढं सांगून ठेव बाई, मी गात आसले की मधी मधी बोलू नको म्हनावं."