घर घेताना गप्प राहावं

आज कमी बोलायचं, असं डेलिया विटकरने त्या सकाळी ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

ठराव तसा नवऱ्याचा. कोल्बीला लास्ट वॉटर गावच्या रेल्वे यार्डात नुकतीच नोकरी लागली होती. पहिल्याच महिन्यात रजा कोण देणार? म्हणून घराचं बोलणं करायला डेलियाने एकटीनेच जायचं होतं. बूट चढवता चढवता कोल्बी म्हणाला, "आपला आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. सौद्यात आधी तोंड उघडलं की संपलं."

"आणि घरमालकीणबाईसुद्धा गप्प बसल्या तर?"

"तर तू आणखी गप्प बस."

(सांगायला काय जातं? दातांच्या डॉक्टरने हत्यारं घालायच्या आधी क्षणभर हात थांबवला, तर तेवढ्यात डेलिया त्याच्या मुलाबाळांची चौकशी करून घ्यायची. लिफ्टमध्ये शेजारचा अनोळखी माणूस नुसता उभा असला तरी हिला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय. मग ती माफी मागून मोकळी.)

पण हे घर तिला हवं होतं. रीनोला ती दोघं बोलिंग खेळायच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर राहत होती. खालून चेंडू गडगडत यायचा, खुंट्या कोसळायच्या आणि प्रत्येक वेळी डेलियाच्या हातची पेन्सिल उडायची. ती शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची. त्यात कोल्बी घरात असला की गुणगुणायचा, तेही एकच ओळ. लास्ट वॉटरला वाळवंटातून दिवसभर मालगाड्या जातात, हे तिला ठाऊक होतं. पण गाडीचं एक बरं असतं, ती येते आणि जाते. बोलिंगवाले बसूनच असतात.

घर म्हणजे रेल्वेने कोणे एके काळी आपल्या माणसांसाठी बांधलेल्या बैठ्या लाकडी घरांपैकी एक. ओळीतली सगळी सारखी, सगळी मोहरीच्या रंगाची. डेलियाचा जीव जडला होता तो मागच्या खोलीवर. तीन बाजूंना खिडक्या, पलीकडे नुसतं वाळवंट, आणि चौथ्या बाजूला कुलूप असलेलं दार. त्या दाराआड आपण, आपली पेन्सिल आणि दुसरं कोणी नाही. बाकी घर नसतं तरी तिचं चाललं असतं.

घरमालकीण मिसेस ऑपल ड्रिसकॉल. नवरा इंजिन ड्रायव्हर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. आता गुडघ्यांना पायऱ्या झेपेनात म्हणून त्या दोन गल्ल्या सोडून एका लहानशा फ्लॅटमध्ये निघाल्या होत्या. घरांचा दलाल गस पेट्राकिस डेलियाला घेऊन आला तेव्हा स्वयंपाकघरात कॉफी तयारच होती.

"आमचा आकडा गसने तुम्हाला सांगितलाच असेल," डेलिया म्हणाली आणि तिने तोंड मिटलं. आतून तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

"सांगितला की. आकडा बरा आहे," मिसेस ड्रिसकॉल म्हणाल्या. "पण पोरी, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. स्वयंपाकघरातला हा जो –"

आणि त्या थांबल्या. बशी उचलून त्यांनी कपावर पालथी घातली, हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. डेलियाने आशेने गसकडे पाहिलं. गसनेही आपल्या कपावर बशी पालथी घातली आणि तो छताकडे बघू लागला.

झालं. कॉफीवर झाकणं पडली म्हणजे बैठक मोडली, असं डेलियाने धरलं. तिचे कान तापले. 'हा जो' म्हणजे काय? समोर पांढराशुभ्र जुना स्टोव्ह होता. हाच तो. नवऱ्याने आणलेला असणार. आणि आपण, परक्या पोरीने, तो आयता घ्यायचा?

"स्टोव्ह तुम्ही घेऊन जा," ती म्हणाली.

कोणी बोलेना.

"टेबलही न्या. खुर्च्याही."

तेवढ्यात जमीन थरथरली, भोंगा झाला, फडताळातल्या बरण्या एकमेकींना आपटल्या आणि मालगाडी अशी गेली की डेलियाने मागितलेली माफी तिची तिलाच ऐकू आली नाही. गाडी गेल्यावर मिसेस ड्रिसकॉलनी बशी काढली.

"– नळ. गरमचा गार आहे आणि गारचा गरम. भाजून घेशील. आणि स्टोव्ह न्या म्हणालीस, माझ्या काही मनात नव्हतं बाई. पण तू एवढ्या मायेने म्हणतेयस तर नेते."

गस म्हणाला, "वा."

मग अंगणातल्या अंजिराच्या झाडाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "आता त्या झाडाचं सांगते. त्याची अंजिरं –" आणि पुन्हा बशी. डेलियाने जीभ चावली, टाचा जमिनीत रोवल्या, पण व्हायचं ते झालंच. "अंजिरं तुमचीच. दर वर्षी. मी घरपोच आणून देईन." त्यात पुन्हा गाडी. गाडीनंतर कळलं ते एवढंच की अंजिरं पक्षी खातात, जाळी घालावी लागते.

"जाळीसुद्धा तूच घालशील ना?" मिसेस ड्रिसकॉलनी विचारलं. "मला शिडी चढवत नाही."

ही बाई दिसते साधी, पण बोलण्यात पट्टीची आहे, असं डेलियाचं मत झालं. आता काही झालं तरी नाही. नवं घर बिनस्टोव्हचं झालं, अंजिरांची हमाली गळ्यात पडली, तेवढं पुरे.

"राहता राहिली मागची खोली," मिसेस ड्रिसकॉल म्हणाल्या. "तिचं असं आहे, की –"

बशी.

डेलिया बसून राहिली. खोली नाही. खोलीचं नाव काढायचं नाही. तिने मनात पाढे म्हटले. मिसेस ड्रिसकॉल खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. (समोर लखलखीत ऊन होतं. अशा उन्हाकडे पाहिलं तर कोणाच्याही डोळ्यांत पाणी येतं. पण हे डेलियाला सुचायला हवं होतं ना.) दाराशी पत्त्यांचं घडीचं टेबल भिंतीला टेकून उभं होतं, त्याचं हिरवं कापड कोपऱ्यांवर विरलं होतं. किती वर्षं, किती मैत्रिणी, किती डाव, आणि आता हे सगळं –

"तुम्ही येत जा," ती म्हणाली. "खेळायला. मैत्रिणींना घेऊन. कुठल्या दिवशी खेळता?"

मिसेस ड्रिसकॉलनी बोलायचं नाही म्हणून तोंड न उघडता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. गुरुवारांवर लाल गोल होते.

"गुरुवारी खोली तुमची."

ही गाडी फार लांब होती. ती संपेपर्यंत डेलियाला आपण काय बोललो ते नीट समजलं.

"– तिचं कुलूप नवं आहे," मिसेस ड्रिसकॉलनी वाक्य पुरं केलं. "किल्ली एकच. म्हटलं, तुझ्या हातात द्यावी. बाईमाणसाला घरात निदान एक दार तरी आतून लावता यावं." त्यांनी एप्रनच्या खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिशात टाकली. "पण आता गुरुवारचं ठरलंय, तर असू दे माझ्याकडेच."

बाहेर आपल्या मोटारीपाशी येऊन गस म्हणाला, "अभिनंदन. सही सोमवारी. आणि त्याआधी एक –" आणि थांबला.

"तुम्ही रविवारी जेवायला या," डेलिया म्हणाली.

मालगाडी गेली. "– पेन घेऊन या, ऑफिसातली चालत नाहीत," गस म्हणाला. "जेवायला काय आहे?"

"तुम्ही सगळे असे मधेच का थांबता?" आता मात्र डेलियाला रडू येत होतं.

"गाडी येते म्हणून. तळपायांना आधी कळतं ना. बोलून काय करायचं, निम्मं वाक्य गाडीच घेऊन जाते."

"आणि बशी?"

"ती कोळशाच्या इंजिनांपासूनची. कपात काजळी पडायची. डिझेल आलं, काजळी गेली, पण आजी बशी घालायची म्हणून आम्हीही घालतो."

"मग मला आत सांगायचं नाही?"

"मला वाटलं, तुम्ही मनाने मोठ्या आहात," गस म्हणाला.

डेलिया तडक परत फिरली. गैरसमज झाला, खोली देता येणार नाही, हे वाक्य तिने पायऱ्यांवर दोनदा म्हणून पाहिलं. जाळीच्या दारातून मिसेस ड्रिसकॉल फोनवर बोलताना दिसल्या. "विनी, रडणं थांबव आता. नाही मोडायचा डाव. फ्लॅटमध्ये टेबल मावत नाही म्हणून काय झालं, खोली मिळाली आपल्याला. अगं, मी मागितलीसुद्धा नाही. पोरगी सोन्यासारखी आहे."

सोन्यासारखी पोरगी पायांचा आवाज न करता पायऱ्या उतरली.

रात्री कोल्बीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "ते गाडीचं होय," तो म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी यार्डात सांगितलं होतं त्यांनी. तुला सांगायचं राहिलं." आणि तो गुणगुणायला लागला.

राहायला आल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी डेलियाची प्रुफं मागच्या खोलीत अडकली. संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. तिने आपल्याच दारावर हळूच टकटक केली.

"कोण आहे?"

"मी डेलिया. माझे कागद आत राहिलेत."

"डाव संपला की देते हं, पोरी. त्यांच्यावर सँडविचेस ठेवलीत."

डेलिया जराशी घुटमळली. आतून हसण्याचा आवाज येत होता आणि बाहेर कोल्बीची तीच ओळ तिसऱ्यांदा सुरू झाली होती. "मी आत येऊन बसू का?" तिने विचारलं. "पत्ते मलाही येतात."

आत कुजबुज झाली.

"आम्ही मत घेतलं," मिसेस ड्रिसकॉल म्हणाल्या. "टेबल चौघींचंच आहे, त्यामुळे आत्ता नाही जमणार. पण वेटिंग लिस्टवर तुझं नाव घातलंय. दुसरा नंबर."

"पहिला कोणाचा?"

"तुझ्या नवऱ्याचा. तो कामावरून येताना आमच्यासाठी केक घेऊन आला होता."