पडद्याला चष्मा

आमचे शेजारी बापूसाहेब शिरगावकर नाकावर एकावर एक दोन चष्मे लावत. तिसरा कपाळावर असे, राखीव. तरीही एकदा इंदूरच्या लालबाग राजवाड्यासमोर त्यांनी देपालपूर गावाहून आलेल्या एका बैलाला तहसीलदार समजून वाकून मुजरा केला. बैलानंही मान तुकवली. मी स्वतः पाहिलं आहे.

"काच खोटी आहे, भिया," ते इंदुरी थाटात म्हणत. इंदुरात त्यांच्याशी न भांडलेला चष्मेवाला उरला नव्हता. खापर नेहमी काचेवर, सकाळच्या जिलबीवर कधीच नाही. आणि जिलबी ते अशी खात की भट्टी पेटवण्याआधी हलवाई त्यांची खिडकी उघडली का ते बघे. मधुमेह तर ते मिरवत. होळकरांचं संस्थान गेलं, नोकरी गेली, मध्यभारत राज्य आलं, पण हा राजेशाही आजार तेवढा इमानानं टिकला, असं सांगत.

शेवटी मी त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत काकू होत्या. काकूंना जन्मापासून ऐकू येत नसे, बोलताही येत नसे. नवराबायकोचा सगळा संसार बोटांवर चाले. भांडण जुंपलं की गल्लीला फक्त बांगड्या ऐकू येत, आणि बापूसाहेब हरले हेही बांगड्यांवरूनच कळे.

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. म्हणाले, दोष चष्म्याचा नाही. साखरेनं डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या नासल्यात, रक्त झिरपतंय.

"तो फिर पडद्यालाच चष्मा लावा ना, डॉक्टरसाब."

लेझरचा उपचार तेव्हा कुणाच्या कानावरही आला नव्हता. गेलेली नजर परत येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. पथ्य पाळा, इन्सुलिन घ्या, उरलेली टिकली तर टिकेल.

काय झालं म्हणून काकू हातांनी विचारत होत्या, आणि बापूसाहेब डोळे बारीक करून त्यांची बोटं शोधत होते.

"पेपर नाही दिसला तरी चालेल," ते म्हणाले. "हिचं बोलणं दिसलं पाहिजे."

त्या दिवसापासून जिलबी बंद. हलवाई सुतकात. रोज सकाळी काकू काचेची सिरिंज उकळत आणि अशी टोचत की जुन्या सगळ्या भांडणांचा वचपा निघावा.

एका दुपारी डोकावलो, तर बापूसाहेब डोळ्यांना उपरणं बांधून बसलेले आणि काकू त्यांच्या तळहातावर बोट फिरवत होत्या. मी घाबरून विचारलं, नजर गेली का?

"नाही रे, दिसतंय अजून. पण शिकून ठेवतोय. उद्या अंधार झाला तर ही बोलेल कुणाशी?"

त्यांचे ओठ हललेले पाहून काकूंनी तळहातावर एक चापट दिली. शिकवणीत गप्पा चालत नव्हत्या.