झगा न घालता जेवायला

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता नेल्मीने घरातले सगळे चांगले कपडे निजायच्या टांगलेल्या मोठ्या झोळीत पसरले आणि त्यांतला एखादा स्वतःहून उठून उभा राहील अशा आशेने ती त्यांच्याकडे पाहत राहिली. झोळी हलत होती, कपडे हलत होते. तीन महिन्यांत सलग दोन तास झोप न मिळालेल्या नेल्मीला तर वाटत होतं, की सबंध मेरिदा शहरालाच कुणीतरी हळूहळू झोके देत निजवतंय.

"एक दिवस झगा घातलास तर काही मरत नाहीस," तिची आई म्हणाली. आईच्या दोन्ही हातांवर सासिल आडवी झोपली होती, मुठी आवळून.

"आई, झगा घातला की मला दुसऱ्याच बाईच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटतं. आणि पाजायचं झालं तर काय, सगळा डोक्यावरून काढू?"

"पोर तर माझ्याजवळ राहणार आहे. तिथे पाजणार कुणाला, वेटरला?"

रेशमी पोलकं काळ्या विजारीवर छान दिसायचं, पण त्यावर दुधाचा एक थेंब पडला तरी नकाशा उमटायचा. वरपासून खालपर्यंत एकसंध शिवलेला तो निळा विजारसूट बहिणीच्या लग्नात घातला होता. न्हाणीघरात जायचं तर अख्खा उतरवावा लागे, त्यामुळे अर्धं लग्न तिने कडीच्या आतूनच ऐकलं होतं. कोट होता एक. पण या उकाड्यात कोट फक्त नवरदेव घालतात आणि प्रेतं.

काळ्या विजारीवर घालायला उरला तो वडिलांचा ग्वायाबेरा. पांढराशुभ्र, लांब बाह्यांचा, छातीवर बारीक चुण्यांच्या पट्ट्या, चार खिसे आणि पुढून गळ्यापासून खालपर्यंत बटणं. शहरातला कुठलाही पुरुष हा सदरा घालून लग्नाला जातो, कोर्टात जातो, राज्यपालांच्या मेजवानीला जातो. मग बाईने का जाऊ नये? या विचारात कुठेच खोट नव्हती. खोट होती ती वेगळ्या ठिकाणी, आणि ती कळायला अजून दीड तास होता.

"आत्या काय म्हणेल?" आईने विचारलं.

खरा प्रश्न तोच होता. उद्या रविवारी सासिलला तीन महिने पूर्ण होत होते आणि उद्याच तिचा हेत्समेक होता. त्या दिवशी धर्ममाता मुलीला पहिल्यांदा कडेवर घेते आणि टेबलाभोवती नऊ फेऱ्या मारते. तोवर लेकरू हातांवर आडवंच. जी बाई कडेवर घेते तिचा स्वभाव पोराला लागतो म्हणतात, म्हणून तिला रीतीप्रमाणे, चांगल्या ठिकाणी जेवायला बोलावून, समोरासमोर विचारायचं असतं. नेल्मीचा नवरा विल्बर्ट, त्याच्या डोळ्यांपुढे एकच बाई होती: त्याची फिदेलिया आत्या. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला होता. पण याआधी नात्यातल्या दोघांनी तिला विचारलं होतं आणि दोन्ही वेळा ऐन हेत्समेकच्या सकाळी तिचा रक्तदाब चढला होता. घरच्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की आत्याला त्या आयांची चालरीत पसंत पडली नाही. एक जेवताना च्युइंगम चघळत होती म्हणे. दुसरीचा झगा गुडघ्याच्या वर होता.

"आणि तुझा तर झगाच नाही," आई म्हणाली.

विल्बर्ट मागच्या आठवड्यात झोपेत चारदा "नाही म्हणाली तर?" असं पुटपुटला होता. नेल्मी जागीच असल्यामुळे तिने ते चारही वेळा ऐकलं होतं.

हमरस्त्यावरच्या जुन्या कोठीत 'ला अल्मेंद्रा' हे उपाहारगृह होतं. विल्बर्टने तिला दाराशी सोडलं.

"पाच नंबरचं टेबल आपलं आहे. तू बस, मी आत्याला बसस्थानकावरून घेऊन येतो. वीस मिनिटं फक्त. झोपू नकोस हां!"

"मी कशाला झोपतेय?" नेल्मी जांभई देत म्हणाली.

आत पंखे इतके सावकाश फिरत होते, की त्यांनाही कुणीतरी थोपटत असावं. पिवळसर दिवे, ओल्या फरशीचा गारवा, कुठूनतरी चमेलीचा वास. नेल्मी पाण्याखालून चालावं तशी चालत होती. एक गोष्ट तिच्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. इथले सगळे वेटर पांढऱ्या ग्वायाबेऱ्यात आणि काळ्या विजारीत होते. तसे निम्मे पुरुष गिऱ्हाईकही त्याच वेषात होते म्हणा. पुरुषांत गिऱ्हाईक कोण आणि वेटर कोण हे मेरिदात पोटावरून ओळखतात. बायकांच्या बाबतीत असा काही नियम अजून बसलेला नव्हता.

वाटेत पांढऱ्या मिशांच्या एका गृहस्थांनी मान वर न करता रिकामी बशी तिच्यापुढे धरली. नेल्मीने ती घेतली. तीन महिने कुणीही काहीही पुढे धरलं, ओलं दुपटं, अर्धी बाटली, ओकारी पुसलेला रुमाल, तर ती घेतच आली होती. हात आता तिला विचारत नसत. बशी हातात आल्यावर ती कुठे ठेवावी म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि तेवढ्यात मुख्य वेटर गास्पार तिच्यावर येऊन आदळला.

"आलीस? बदलीवर पाठवतात आणि येतात अर्ध्या तासाने! चार, पाच, सहा तुझी टेबलं."

"अहो, मी…"

"मी-बी नंतर. सहा नंबर कधीचा पाणी मागतोय. पळ!"

ती पळाली. कुणीतरी 'पळ' म्हटल्यावर काय करायचं, तेही हातापायांना आता पाठ झालं होतं. पाणी देऊन परत येऊ, मग नीट सांगू, असं तिने ठरवलं. पण सहा नंबरवर एक तान्हं पोर टोपलीत झोपलेलं, आणि त्याच्या पाच वर्षांच्या भावाने हाबानेरो मिरचीची अख्खी वाटी स्वतःकडे ओढलेली. नेल्मीने वाटी वरच्यावर उचलली, सुरी टेबलाच्या कडेवरून आत सरकवली, गरम सूप पोराच्या कोपरापासून वीतभर लांब ठेवलं.

"वा!" पोरांची आई बापाला म्हणाली. "या बाईंना न सांगता कळतं हो. शिका जरा."

चार नंबरवर लाल फुलाफुलांच्या झग्यातली एक मुलगी एकटीच, अगदी खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"ऐका ना," ती हळूच म्हणाली, "मला खरं तर इथे…"

"दमलेली दिसतेस," नेल्मी म्हणाली. "आधी दोन घास खा. बाकी मग." आणि तिने तिच्यापुढे लिंबाचं सूप ठेवलं. मुलीने सुपाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि चमचा उचलला.

पाचच मिनिटांत दोन्ही टेबलं नेल्मीच्या मुठीत आली. कुणाचा पेला कडेला आलाय, कुणाला ठसका लागणार आहे, कुणाच्या माशात काटा आहे, सारं तिला आधीच दिसत होतं. आणि विचित्र म्हणजे तिला बरं वाटत होतं. इथल्या माणसांना एकदा दिलं की ती निदान तासभर तरी पुन्हा मागत नव्हती.

एवढ्यात दारात फिदेलिया आत्या उभी राहिली. एकटीच.

तीन थरांचा पायघोळ तेर्नो झगा, प्रत्येक थरावर बोटभर जाड भरतकामाची फुलं, गळ्यात सोन्याची लांब माळ, खांद्यावर शाल. अख्खी बाग चालत यावी तशी ती आली. गास्पारने कमरेत वाकून तिला पाच नंबरवर बसवलं आणि नेल्मीला डोळ्यांनी खूण केली.

त्याच क्षणी खिशातला फोन थरथरला. "आत्या इथे नाहीच गं!" विल्बर्ट रडकुंडीला आला होता. "बस कधीच आली म्हणतात. चहाच्या टपरीवर शोधलं, चर्चमध्ये शोधलं…"

"ती टॅक्सीने आली असेल. इथे आहे. तू ये!"

"हे देवा! ती काय म्हणाली? तुझे कपडे पाहून काय म्हणाली?"

नेल्मीने फोन बंद केला. आत्याने तिला लग्नात एकदाच पाहिलं होतं, तेही तोंडावर नवरीची जाळी असताना. आता उजेडात पहिल्यांदा पाहणार, ती हातात ट्रे घेतलेली! आपल्या नातीची आई टेबलाटेबलावर पाणी वाढत फिरते हे कळल्यावर रक्तदाब सकाळपर्यंत तरी कशाला थांबेल? विल्बर्ट येईपर्यंत वेटर राहण्यातच शहाणपण होतं. तिने मेन्यूकार्ड नाकापर्यंत वर धरलं आणि पुढे झाली.

"काय आणू, बाईसाहेब?"

"मला हे वाचता येत नाही. तू वाच." आत्या खुर्चीत रेलली. "नाही, राहू दे. मला भूकच नाही. पोरी, तू लेकुरवाळी आहेस?"

"हो… म्हणजे आहे, बाईसाहेब."

"मग ऐक. उभ्याउभ्या ऐकलंस तरी चालेल. माझा भाचा मला आज हेत्समेकचं विचारणार आहे. पोटच्या पोरासारखा आहे तो. आणि धर्मलेकराला नाही म्हणणं म्हणजे पाप, हे तुला ठाऊक आहे."

"मग… हो म्हणा ना?" मेन्यूकार्डामागून बारीक आवाज आला.

"हो म्हणू, आणि उद्या सकाळी पुन्हा रक्तदाबाचं सोंग काढू?" आत्या पुढे झुकली. "माझा रक्तदाब घोड्यासारखा आहे गं! नऊ फेऱ्यांची भीती वाटते मला. हा तेर्नो पायात येतो. मागच्या खुळ्या बायकांनी उगाच मनाला लावून घेतलं. त्या दोन्ही पोरांसाठी मी घरी तालीम केली होती, भोपळा कडेवर घेऊन. पहिल्यांदा तिसऱ्या फेरीला पडले, दुसऱ्यांदा पाचव्या फेरीला. दोन भोपळे फुटले! भोपळ्याची भाजी करता येते. लेकराचं काय करायचं?"

नेल्मीने मेन्यूकार्ड नाकावरून खाली घेतलं. ती काही बोलणार, तोच सहा नंबरवरचं तान्हं जागं झालं आणि त्याने टाहो फोडला.

पुढचं नेल्मीच्या हातात नव्हतं. रडणं कुणाचंही असो, तीन महिन्यांच्या आईच्या अंगाला ते आपल्याच लेकराचं वाटतं. छातीत झिणझिण्या आल्या, आणि पांढऱ्याशुभ्र ग्वायाबेऱ्यावर वरच्या दोन्ही खिशांवर बरोबर एकेक अशी दोन ओली वर्तुळं उमलली. ती मोठी होत गेली.

"ए बदली!" गास्पार धावत आला. "अंगावर काय सांडलंस हे?"

"नारळाचं दूध," आत्या शांतपणे म्हणाली. "चूक माझी, माझा धक्का लागला. आता ही इथे बसणार." आणि तिने आपली शाल नेल्मीच्या खांद्यांवरून पुढे ओढून घेतली.

"बाईसाहेब, वेटरना बसायला परवानगी नाही!"

"ही माझी सून आहे. हिला तू वेटर केलंस? लाज वाटत नाही?"

गास्पारचा चेहरा उतरला. मग हळूहळू, पहाट व्हावी तसा, त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "मग माझी बदली कुठाय?"

चार नंबरवरची लाल झग्यातली मुलगी उभी राहिली. ओठांवर लिंबाचं सूप होतं. "मी कधीची सांगतेय," ती म्हणाली. "पण तुम्हीच मला खुर्ची ओढून दिलीत."

गास्पार तिला घेऊन आत गेला. नेल्मी शालीत तोंड लपवून बसली होती.

"तुम्ही मला कधी ओळखलंत?"

"दारातून. तुझा फोटो भिंतीवर आहे माझ्या. मला लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं दिसत नाही."

"मग ते सगळं…"

"मग तुला कसं सांगणार होते मी?" आत्याने तिचा हात हातात घेतला. "सुनेला नाही म्हणता येत नाही, वेटरला म्हणता येतं. असली संधी आयुष्यात एकदाच मिळते. तू तो ट्रे धरून उभी, आणि मला वाटलं, देवानेच पाठवली." ती जरा थांबली. "विचार करून सांग मला. हे विजारीत चालायला कसं वाटतं?"

"पायात काहीच येत नाही, आत्या."

"काहीच?"

"काहीच."

आत्याने आपल्या तेर्नोचा घेर मुठीत गोळा करून पाहिला.

घामाघूम विल्बर्ट धापा टाकत आला, तेव्हा दोघी एकाच बशीतून भाजलेल्या डुकराच्या मांसाची कोचिनिता खात होत्या. त्याने रीतीप्रमाणे खुर्चीमागे उभं राहून, आवंढा गिळून, घरी पाठ केलेलं सबंध भाषण केलं. आत्याने तोंडातला घास संपवला. "हो," ती म्हणाली. 'पण आत्या…' विल्बर्टने सुरू केलं. नकारासाठीचं उत्तर तेवढं त्याने तयार करून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी अंगणात चाळीस माणसं जमली होती. संत्र्याच्या झाडाखालच्या टेबलावर, पोर हुशार निघावं म्हणून, रीतीप्रमाणे पेन्सिल, पुस्तक, सुई आणि उकडलेली अंडी मांडली होती. आईची नजर राहून राहून फाटकाकडे जात होती. रक्तदाबाचा फोन आला नव्हता, पण तो यायला वेळ कुठे लागतो?

फाटक उघडलं. फिदेलिया आत्या आत आली ती दिवंगत नवऱ्याची काळी विजार घालून, कमरेला पट्टा घट्ट आवळून, वर पांढरं भरतकामाचं पोलकं. पायऱ्यांवर बसलेले एक म्हातारे काका हातातला पेला ओठांशी नेता नेता तसेच राहिले.

"काय बघता?" आत्या म्हणाली. "लेकरू आणा."

तिने सासिलला कडेवर घेतलं. सासिलने आयुष्यात पहिल्यांदा जग उभं पाहिलं, डोळे मोठे केले, आणि आत्याच्या पोलक्यावरचं एक फूल मुठीत धरलं. एक फेरी झाली. तीन झाल्या. पाचव्या फेरीला नेल्मीने श्वास रोखून धरला, पण आत्या टेबलाचा कोपरा असा वळली, की जणू नाचतच होती. नऊ झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहावी सुरू झाली. टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. अकरावी झाली. सासिल आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती.

"आत्या," बाराव्या फेरीला विल्बर्ट हळूच म्हणाला, "नऊच असतात."

"मोजतोस कशाला, मेल्या?" आत्या न थांबता म्हणाली. "दोन लेकरांच्या राहिल्यात ना माझ्या."