मासळी मसाल्याची उन्हाळी बिअर

बिअरच्या त्या कारखान्यात नवी बिअर मंजूर करायला एक चव समिती होती. तिचा नियम एकच: प्रमुख बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि ते बोलल्यावर वेगळं काही बोलायचं नाही. त्यामुळे आजवर एकाही बैठकीत मतभेद झाला नव्हता. प्रमुखांना सगळे चाखोबा म्हणत. वाईट पिंप आपण कधी पुढे जाऊ दिलं नाही, एवढीच त्यांची आयुष्यभराची कमाई, आणि ती ते जिवापाड जपत.

यंदाची उन्हाळी बिअर मालकांच्या जावयांच्या डोक्यातून निघाली होती. किनाऱ्यावरचे लोक मासळीला जो मसाला चोळतात, तो त्यांनी सढळ हाताने पिंपात ओतला होता. समिती बसली, पेले भरले, जावईबापू समोर येऊन उभे राहिले.

चाखोबांनी घोट घेतला. तिखट नाकात गेलं, सटासट शिंका आल्या आणि उरलेला घोट पिकदाणीत गेला.

"अहो, हे तर मासे धुतलेलं पाणी आहे!"

मग समितीचे सचिव जावईबापूंकडे बघत चाखोबांना म्हणाले, "साहेब, इतक्या वर्षांत तुम्हाला एकाही बिअरवर शिंक आली नव्हती."

"बघा!" जावईबापू उसळले. "समुद्रच आणून ठेवलाय की नाही पेल्यात?"

लगेच सगळी समिती शिंकली, थुंकली आणि बिअर एकमताने मंजूर झाली. बाटलीवर छापलं गेलं, 'मासे धुतल्या पाण्याची अस्सल चव. पहिला घोट शिंकून थुंकावा.'

चाखोबांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तडक जाऊन मालकांसमोर राजीनामा ठेवला. मालकांचे डोळे पाणावले.

"म्हणजे यापुढे चाखण्यासारखं काही उरलंच नाही, असंच ना?"

दुसऱ्या दिवसापासून जाहिरात तीच, 'ही प्याल्यावर चाखोबांना चाखण्यासारखं काही उरलंच नाही.' बिअर धडाधड खपू लागली. हॉटेलांत टेबलागणिक पिकदाणी आली. ज्यांना शिंक येत नसे, ते घरूनच तपकीर ओढून निघू लागले.

एका रविवारी मेहुणा आला, तर बायकोने तीच बाटली काढली.

"अगं, घाण आहे ती!" चाखोबा म्हणाले.

"म्हणजे सगळे वेडे आणि तुम्ही एकटे शहाणे? चारचौघांसारखं वागा की जरा!"

मेहुणा तोवर शिंकून मोकळा झाला होता. "वा! भावोजी, मानलं तुमच्या जिभेला!"

चाखोबांना जन्मात पहिल्यांदा आपल्या जिभेची शंका आली. त्यांनी घोट घेतला. चव तीच होती, घाणेरडी. बायको, मेहुणा आणि विरजण मागायला आलेली शेजारीण, तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"छान आहे," चाखोबा म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं, पण घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त परवा मित्रांत बसून तुम्ही दुसरा पेला मागवलात ना, तेव्हा पहिला कुणाकुणाच्या तोंडाकडे बघत संपवला होतात, तेवढं आठवा.