विचाराधीन रोपं

टोमॅटोच्या एका रोपाच्या पानाची कड किंचित पिवळी पडली आणि पोस्टमास्तरांनी ती गोष्ट मंडळाला कळवली, इथपर्यंत कोणाचीच चूक नव्हती. पोस्टमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वरिष्ठांना कळवल्याशिवाय शिंकायचंही नाही ही त्यांची सवय अजून नोकरीत होती.

गच्ची इमारतीची, मंडळ इमारतीतल्याच लोकांचं आणि गच्चीच्या दारावर पाटी : 'येथे सर्व काही सेंद्रिय आहे.' बी मात्र पोस्टमास्तरांच्या ताईचं. तिने जन्मभर परसात हाच टोमॅटो लावला आणि दर हंगामाला बी धरलं. यंदा परसाच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा उरलंसुरलं सगळं बी तिने पुडीत बांधून धाकट्या भावाच्या हातावर ठेवलं. "एवढंच आहे रे. गेलं की गेलं," म्हणाली. पोस्टमास्तरांनी ते सगळंच्या सगळं पेरलं आणि सगळं उगवलं. पोरंबाळं मार्गी लागल्यावरही त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

पिवळ्या कडेवर विचार करायला मंडळाची सभा भरली. विषय एकच : बाळरोपांच्या पानांवर पातळ खत फवारावं की नाही.

"फवारायचं," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोंडाने जेवण जात नसेल तर आपण सलाईन लावतोच की."

अध्यक्षांचा चेहरा पडला. गच्चीवरची माती त्यांनी स्वतःच्या हातांनी कालवली होती. पालापाचोळा, शेणखत आणि भाज्यांची देठं कुजवून केलेल्या त्या मातीला कोणी नाव ठेवलं, की घरच्या माणसाला नाव ठेवल्यासारखे ते फुगून बसत.

"म्हणजे माझ्या मातीत रोपं उपाशी आहेत असं म्हणायचंय तुम्हाला?"

"उपाशी नाही म्हटलं मी. अशक्त म्हणतेय."

"भरल्या पोटाला सलाईन लावतात का तुमच्याकडे?"

हा वाद कुठे गेला असता कोण जाणे, पण मंडळात एक वकीलही होते. "आधी व्याख्या ठरवू," ते शांतपणे म्हणाले. "बी उगवल्यावर जी पहिली दोन पानं येतात, ती खरी पानं नव्हेत. त्यांच्यावर फवारलं, तर ती पानांवरची फवारणी ठरत नाही. खरी पानं आली, की फवारणी करता येईल. पण खरी पानं आल्यावर त्याला बाळरोप म्हणता येईल का? आणि आपला ठराव तर बाळरोपांपुरताच आहे."

सभा थक्क झाली. एवढ्या साध्या गोष्टीत एवढं काही दडलेलं असेल, असं कोणाला वाटलंच नव्हतं. उपसमिती नेमली गेली. पिवळ्या कडेचं पान खरं की खोटं ते तिने तपासायचं, अध्यक्षांनी मातीचा नमुना तपासायला पाठवायचा, आणि तोवर सगळं जैसे थे. जैसे थे म्हणजे पानांवर काहीही पडता कामा नये.

"आणि पाणी?" पोस्टमास्तरांनी भीत भीत विचारलं.

"झारीचं पाणी पानांवर पडतं," वकील म्हणाले.

"मुळाशी घातलं तर?"

"नमुना काढायच्या आधी माती भिजवलीत, तर तपासणीला काय अर्थ राहिला?" अध्यक्ष म्हणाले. "उद्या या बाई म्हणतील, पाणी घालून दोष लपवला."

"म्हणेनच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

दवही पानांवर पडतं, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. म्हणून रोपांवर प्लास्टिक ताणायचं ठरलं. प्लास्टिक सेंद्रिय नसतं, पण ते पानांना टेकत नसल्यामुळे चालेल, असा खुलासा वकिलांनी केला. प्लास्टिक ताणलं पोस्टमास्तरांनी. चारही कोपरे त्यांनी पार्सल बांधावं तसे नीट बांधले.

ताईचा फोन आला. "रोपं कशी आहेत रे?"

"विचाराधीन आहेत."

"म्हणजे जिवंत आहेत ना?"

"ताई, तज्ज्ञ मंडळी बघतायत. तू काळजी करू नकोस."

"बघू देत की. पाणी कोण घालतंय?"

पोस्टमास्तरांनी आवाज नीट येत नसल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते भरलेली झारी घेऊन गच्चीवर गेले. उन्हात प्लास्टिकखाली वाफ धरली होती आणि रोपांनी माना टाकल्या होत्या. झारी हातात होती, रोपं समोर होती आणि बघायला कोणी नव्हतं. पण माती ओली दिसली असती. 'कोणाच्या परवानगीने?' असं अध्यक्षांनी विचारलं असतं. पोस्टमास्तरांचा जीव तुटला. तो तुटत असतानाच त्यांनी झारी कठड्यापाशी ठेवली आणि जिना उतरले.

यथावकाश निर्णय झाला, तोही एकमताने. माती उत्तम असल्याने फवारणीची गरज नाही, तथापि गरज नसताना फवारल्यास कोणाचा अपमान होत नाही, सबब सकाळच्या वेळी अगदी पातळ फवारणी करावी. सगळे पंप घेऊन वर गेले. प्लास्टिक काढलं. खाली काड्या होत्या. तरी ठराव झालेला असल्यामुळे काड्यांवर फवारणी केली, तिचा फोटोही काढला. पानंच उरली नसल्याने खऱ्या-खोट्याचा प्रश्न निकाली निघाला, म्हणून उपसमितीचे आभार मानले गेले.

"माती निर्दोष, फवारणी निर्दोष," अध्यक्ष म्हणाले. "बीच जुनाट होतं. मंजूर?"

सगळ्यांनी हात वर केले. पोस्टमास्तरांचा हात सवयीने आपोआप वर गेला आणि वर गेल्यावर त्यांना त्याची लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून ताईला फोन लावला. "बी चांगलं होतं," ते म्हणाले. "मी पाणी घातलं नाही."

ताई म्हणाली, "जेवलास का?"

सकाळी पोस्टमास्तरांनी मंडळाचा राजीनामा दिला.

तर वाचकहो, फवारायला हवं होतं की नको होतं? इथवर येईतो तुमचंही काहीतरी मत झालं असेलच. मुळांच्या बाजूचं असो वा पानांच्या, चालेल. मंडळात एक जागा रिकामी आहे, आणि झारी अजून कठड्यापाशी भरलेलीच आहे.